पॅनेलवरचा माणूस

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापलेल्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये पनवेलची नोंद आहे. त्यात गावचा मुख्य धंदा म्हणून गाडीची चाके बनवण्याचा उल्लेख येतो. दख्खनमधल्या शेतकऱ्याला आपल्या गाडीला पनवेलच्या चाकांची जोडी असावी असे वाटे, असेही तिथे म्हटले आहे. असे चाक घडवायला सुतार आणि लोहार दोघेही लागत. सुतार तुंब्यात आरे ठोकी आणि आऱ्यांवर पाटे बसवी. मग लोहार लोखंडी धाव आगीत लाल करून लाकडावर चढवी आणि वरून पाणी ओती. धाव आक्रसली की सगळे सांधे घट्ट आवळले जात. ती सैल राहिली तर घाटात निसटे, फार घट्ट झाली तर आरे मुरडत. हा अंदाज यायला शिकाऊ पोराला अनेक हंगाम भात्यापाशी काढावे लागत.

आज त्याच पनवेल तालुक्यात तळोजा औद्योगिक वसाहत आणि कळंबोलीचा लोखंड बाजार आहे. लगतच रसायनी-पाताळगंगेचा पट्टा आणि उरणच्या अंगाला न्हावा-शेव्याचे बंदर आहे. या सर्व ठिकाणी गेल्या चाळीस वर्षांत यंत्रांनी कामाचे रूप पालटले. ‘यंत्र आले आणि माणूस गेला’ हे त्याचे वर्णन अपुरे आहे. यंत्राने नेमके कोणते काम घेतले, माणसाकडे कोणते उरले आणि उरलेले काम करू शकणारा माणूस पुढच्या पिढीत कुठे तयार होणार, असे तीन वेगवेगळे प्रश्न इथे आहेत. पहिल्या दोहोंची चर्चा पुष्कळ होते. तिसरा सहसा कोणी विचारत नाही, आणि या प्रकरणाचा खरा विषय तोच आहे.

ताकदीचे यंत्र आणि लक्ष ठेवणारे यंत्र

क्रेन माणसाच्या खांद्यावरचे ओझे उचलते, पण ते कुठे ठेवायचे हे माणूसच सांगतो. हे यांत्रिकीकरण झाले. स्वयंचलनात यंत्र एक पाऊल पुढे जाते. ते स्वतः मोजते, मोजलेल्याची हव्या त्या मापाशी तुलना करते आणि फरक असेल तर दुरुस्ती करते. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर बसवलेला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर हेच करत असे. इंजिनाचा वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप आपोआप थोडी मिटे.

तळोज्यातल्या एखाद्या रासायनिक कारखान्यात हेच तत्त्व शेकडो ठिकाणी राबत असते. एका टाकीपुरते पाहू. टाकीतल्या द्रवाची पातळी ट्रान्समीटर मोजतो आणि विजेच्या प्रवाहाच्या रूपाने कंट्रोल रूमकडे पाठवतो. टाकी रिकामी असेल तर ४ मिलीअँपिअर, भरलेली असेल तर २० आणि अर्धी असेल तर १२. कंट्रोलर ही पातळी ठरवून दिलेल्या पातळीशी ताडून पाहतो आणि कंट्रोल व्हॉल्व्हला थोडा उघडायला किंवा मिटायला सांगतो. रिकाम्या टाकीसाठी शून्य न ठेवता ४ ठेवण्यामागे कारण आहे. शून्य आले तर टाकी रिकामी आहे की तार तुटली आहे, हे कळणार नाही. ४ म्हणजे टाकी रिकामी आणि शून्य म्हणजे तार तुटली, असा फरक या योजनेने करता येतो. ‘मला दिसत नाही’ हेही यंत्राने प्रामाणिकपणे सांगावे, एवढी दूरदृष्टी त्या साध्या आकड्यात आहे.

पूर्वी हे निरोप ३ ते १५ पौंड दाबाच्या हवेने नळ्यांमधून जात. भिंतभर पॅनेलवर गोल चार्ट फिरत आणि त्यांवर शाईचे पेन रेघा ओढत. दर तासाला ऑपरेटर रीडिंग घेऊन लॉगशीट भरी. १९७५ मध्ये अमेरिकेतील हनीवेल आणि जपानमधील योकोगावा या कंपन्यांनी अशी सगळी नियंत्रणे संगणकांच्या जाळ्यात गुंफणारी प्रणाली बाजारात आणली. कारखान्यातले लोक तिला ‘डीसीएस’ म्हणतात. आता भिंतीऐवजी चार-सहा पडद्यांवर सगळा प्लँट दिसतो. एका पाळीत जिथे पूर्वी बरीच माणसे लागत, तिथे मोजक्या माणसांत काम भागते.

हा बदल वाईट नव्हे. अमोनियाच्या पंपाशेजारी तासन् तास उभे राहणे किंवा भट्टीच्या धगीत हाताने व्हॉल्व्ह फिरवणे यात कसलेही वैभव नव्हते. तापमान मर्यादेबाहेर गेले तर प्लँट आपोआप बंद म्हणजे ‘ट्रिप’ करणारी सुरक्षाप्रणाली माणसापेक्षा कितीतरी वेगाने निर्णय घेते. महत्त्वाच्या जागी एकाऐवजी तीन सेन्सर लावतात आणि त्यांपैकी दोघांचे एकमत झाले तरच प्लँट बंद होतो. एकाच बिघडलेल्या सेन्सरच्या सांगण्यावरून चालता कारखाना थांबू नये आणि खऱ्या धोक्याच्या वेळी तो चालूही राहू नये, या दोन्ही गोष्टी त्यातून साधतात. अशा यंत्रणेने अनेक जीव वाचवले आहेत.

रात्रपाळीची फेरी

मग माणूस कशाला लागतो? त्याचे उत्तर रात्रपाळीत मिळते. पॅनेल ऑपरेटर आत पडद्यांसमोर बसतो आणि फील्ड ऑपरेटर वॉकी-टॉकी, टॉर्च आणि हेल्मेट घेऊन प्लँटची फेरी मारतो. पंपाचा ग्लँड किती थेंब गळतो आहे, हे तो पाहतो. बेअरिंगच्या आवरणावर स्क्रू ड्रायव्हरचे टोक टेकवून त्याची मूठ कानाला लावतो. आतला आवाज एकसारखा असेल तर पुढे जातो, खरखर ऐकू आली तर पॅनेलला सांगून दुसरा पंप चालू करायला लावतो. टाकीच्या काचनळीतली पातळी डोळ्यांनी पाहून पडद्यावरच्या आकड्याशी पडताळतो. वाऱ्याची दिशा बदलली की कोणत्या जोडातून वास येतो, हे त्याला ठाऊक असते.

पनवेलच्या पावसाळ्यात या फेरीचे मोल आणखी वाढते. जंक्शन बॉक्सचे झाकण नीट बसले नसेल तर आत पाणी शिरते आणि सिग्नल हळूहळू सरकू लागतो. ट्रान्समीटरकडे जाणारी बारीक नळी तुंबली तर आकडा जागच्या जागी गोठतो. पडद्यावर सगळे हिरवे, शांत आणि स्थिर दिसते. प्रत्यक्षात टाकी भरत चाललेली असते. जुना ऑपरेटर अशा वेळी म्हणतो, ‘आकडा हलत नाहीये, जाऊन बघ.’ चालू प्लँटमध्ये पातळी थोडीफार हलतेच, हे त्याने वर्षानुवर्षे पाहिलेले असते. आकडा चुकीचा आहे हे त्याला आकड्याच्या किमतीवरून कळत नाही, आकड्याच्या वागण्यावरून कळते.

सगळ्यात कठीण काम प्लँट सुरू करण्याचे आणि बंद करण्याचे. स्थिर चालू असलेला कारखाना यंत्रणा सहज सांभाळते, पण वार्षिक दुरुस्तीनंतर थंड प्लँट तापवताना दर मिनिटाला परिस्थिती बदलत असते. तेव्हा निम्मी नियंत्रणे ‘मॅन्युअल’वर असतात आणि जबाबदारी माणसावर येते.

दिवा काय सांगत होता?

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात पहाटे चारच्या सुमारास दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि पुन्हा मिटलाच नाही. पॅनेलवरच्या दिव्यावरून मात्र तो मिटल्याचे दिसत होते. तो दिवा व्हॉल्व्हची खरी स्थिती दाखवतच नव्हता. ‘बंद हो’ हा हुकूम सुटला आहे, एवढेच तो सांगत होता. पहिल्या काही मिनिटांत शंभरावर अलार्म वाजले. ऑपरेटरांनी दिव्यावर विश्वास ठेवला आणि आपत्कालीन थंड पाणीही कमी केले. दोन तासांहून अधिक काळ पाणी निसटत राहिले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. पुढच्या पाळीसाठी आलेल्या एका पर्यवेक्षकाने नव्या नजरेने आकडे पाहिले आणि अडकलेल्या व्हॉल्व्हच्याच नळीवरचा दुसरा व्हॉल्व्ह बंद करायला लावला, तेव्हा गळती थांबली.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये स्वयंचलनातल्या विसंगतींवर एक छोटा निबंध लिहिला. आजही या विषयावरचे ते सर्वांत महत्त्वाचे लेखन मानले जाते. त्यांचा मुद्दा असा : माणूस चुकतो म्हणून अभियंता त्याच्याकडचे काम काढून घेतो, पण जे काम कसे स्वयंचलित करावे हे अभियंत्यालाच उमगत नाही ते मात्र माणसाकडेच ठेवतो. म्हणजे सोपे यंत्राला जाते आणि सर्वांत अवघड माणसाच्या वाट्याला येते. वर त्याने एरवी नुसते पाहत बसावे, ही अपेक्षा. पाहत बसणे माणसाला जमत नाही. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत घड्याळाच्या काट्याची क्वचित होणारी दुहेरी उडी टिपायची होती. अर्ध्या तासातच लोकांचे लक्ष लक्षणीय घटले.

बेनब्रिज यांचा पुढचा मुद्दा आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. स्वयंचलित प्लँट आज नीट सांभाळणारी माणसे जुन्या काळात हाताने काम करून शिकलेली आहेत. तो अनुभव म्हणजे आधीच्या पिढीची शिल्लक आहे. पुढच्या पिढीला हाताने करण्याची संधीच मिळाली नाही, तर ही शिल्लक कुठून येणार?

शिडीची खालची पायरी

कारखान्यात माणूस तयार होण्याची एक ठरलेली वाट होती. आयटीआयमध्ये ‘अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लँट’ किंवा ‘इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक’ असा ट्रेड करायचा, शिकाऊ उमेदवार म्हणून लागायचे, मग काही वर्षे फील्डवर काढायची. पाइप कुठून कुठे जातो, कोणता व्हॉल्व्ह जड जातो, कोणता पंप पहिल्या दणक्यात प्राइम होत नाही, हे अंगात मुरले की मग पॅनेलवर बसायचे. पॅनेलवरचा चांगला माणूस पडद्यावरच्या चित्रामागे खरा प्लँट पाहत असतो, कारण तो तिथे हिंडलेला असतो.

आता या शिडीची खालची पायरी निखळते आहे. अनेक कारखान्यांत फील्डची आणि देखभालीची कामे ठेकेदाराकडे गेली. ठेकेदार बदलला की माणसे बदलतात. ज्याला दोन वर्षांनी आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, तो पंपाचा स्वभाव का जाणून घेईल? आणि घेतला तरी तो अनुभव त्याच्याबरोबर फाटकाबाहेर जातो. दुसऱ्या टोकाला पदवी घेऊन आलेला तरुण सिम्युलेटरवर थोडे दिवस काढून थेट पॅनेलवर बसतो. सिम्युलेटर उपयोगी आहे, पण कोणाच्या तरी मनात आलेलेच बिघाड त्यात भरलेले असतात. जंक्शन बॉक्समध्ये शिरलेले पावसाचे पाणी त्यात असेलच असे नाही.

याचा दोष स्वयंचलनाला देता येत नाही. पडदे आले म्हणून फील्डचा माणूस ठेक्यावर गेला नाही. तो स्वस्त पडावा म्हणून गेला, आणि हा निर्णय माणसांनी घेतला. नोकऱ्या जाण्याचेही तसेच आहे. रसायनीच्या हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचे तिथले बहुतेक प्लँट बंद करण्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०१७ मध्ये मंजुरी दिली. त्यामागे रोबो नव्हते, सतत वाढत गेलेला तोटा होता.

वाटणी कोण ठरवतो?

यंत्र आणि माणूस यांच्यात कामाची वाटणी कोणी ठरवायची, हा प्रश्न मुंबईला फार आधी भेटला. १९२० च्या दशकात काही गिरण्यांनी विणकराने दोनाऐवजी तीन साचे आणि कातणाऱ्याने यंत्राच्या एकाऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, अशी पद्धत आणली. माणसे कमी होणार आणि उरलेल्यांवर ताण वाढणार, हे कामगारांना स्पष्ट दिसत होते. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा सहा महिने सुमारे दीड लाख कामगारांचा संप झाला. त्याच संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणखी एक प्रश्न पुढे आणला. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना चांगल्या मजुरीच्या विणकाम खात्यात शिरू देत नसत. शिडीच्या कोणत्या पायरीवर कोणाला पाय ठेवू द्यायचा, हे यंत्राने कधीच ठरवले नाही. ते समाजाने ठरवले.

उलट उदाहरण कळंबोलीचे आहे. मुंबईतला लोखंड बाजार इथे हलवला गेला. आज तिथे पत्र्याची गुंडाळी आणि सळ्यांचे भारे क्रेन उचलतात, पण साखळी कुठे अडकवायची, भार कुठे झुकेल, ट्रकमध्ये माल कसा रचायचा, हे माथाडी पाहतो. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीमुळे १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. रोज वेगळ्या मालकाकडे काम करणाऱ्या हमालाची नोंदणी माथाडी मंडळाकडे झाली. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो आणि मंडळ मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी देते. या व्यवस्थेतही भांडणे आणि गैरप्रकार झाले. तरीही काम कितीही विखुरलेले असले तरी कामगाराची ओळख आणि हक्क एका जागी जपता येतात, हे तिने दाखवून दिले. ठेक्यावरच्या फील्ड ऑपरेटरच्या अनुभवाची नोंदही अशी का जपता येऊ नये?

न्हावा-शेव्याचे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले, ते कंटेनरच्या युगातच. २०२४-२५ मध्ये तिथे ७३ लाखांवर कंटेनर एकके हाताळली गेली. गोण्या आकड्याने ओढणाऱ्या गोदी कामगारांच्या टोळ्या इथे कधी लागल्याच नाहीत. तरी जहाजाच्या डेकवर चढून लोखंडी दांड्यांनी कंटेनर जखडणे आणि ट्विस्टलॉक काढणे-लावणे हे आजही माणसांच्याच हातांचे काम आहे. या परिसराच्या जमिनींसाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्यावर आंदोलन झाले, पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व मिळाले. जमिनीच्या मोबदल्यात जमीन, हा हिशेब त्या पिढीने लढून मांडला. प्रकल्पातल्या यंत्रांवर बसायचे कौशल्य हाही त्याच मोबदल्याचा भाग असायला हवा.

कायदा, आणि त्यापलीकडे

यंत्रसामग्रीत किंवा तंत्रात बदल करून कामगारकपात होणार असेल तर २१ दिवस आधी सूचना द्यावी लागेल, असे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचे कलम ९-अ सांगत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही सूचनेची तरतूद आहे. कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम द्यायची, असा निधीही तिच्यात आहे. तत्त्व योग्य आहे, माप तोकडे आहे. पंधरा दिवसांच्या पगारात कोणी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होत नाही.

शिकवणे कामगार निघून गेल्यावर नव्हे, यंत्र येण्याआधी सुरू व्हायला हवे. जपानमध्ये टोयोटाने २०१४ च्या सुमारास काही विभागांत यंत्रांकडची कामे मुद्दाम पुन्हा माणसांच्या हाती दिली आणि तापवलेल्या लोखंडातून क्रँकशाफ्ट घडवायला लावले. त्यामागे मित्सुरू कावाई होते, शॉपफ्लोअरवरून वर चढत गेलेले आणि पुढे कंपनीचे कार्यकारी उपाध्यक्ष झालेले. हाताने घडवणाऱ्याला धातू कळतो आणि ज्याला धातू कळतो तोच यंत्र सुधारू शकतो, असा त्यांचा हिशेब होता.

तळोज्यातल्या कारखान्यांना यासाठी जपानला जायची गरज नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ पासून आहे. ३० किंवा त्याहून अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने, ठेक्यावरची माणसे धरून, अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यायचे आहेत. ते स्वस्त मनुष्यबळ म्हणून न घेता उद्याचे पॅनेल ऑपरेटर म्हणून घ्यावेत. पॅनेलवर बसण्याआधी फील्डचा काळ सक्तीचा करावा. पॅनेलवाल्यांनाही दर महिन्याला काही पाळ्या फील्डवर द्याव्यात आणि वार्षिक दुरुस्तीनंतर प्लँट सुरू करताना शिकाऊंना शेजारी उभे करावे. निवृत्तीला आलेल्या ऑपरेटरकडून शेवटच्या दोन वर्षांत उत्पादन कमी आणि शिकवणे जास्त करून घ्यावे. कामगार संघटनांनीही वेतनकराराच्या मसुद्यात पगारवाढीइतक्याच ठामपणे प्रशिक्षणाचे तास लिहून घ्यावेत.

कारखाना उभारताना व्यवस्थापन प्रत्येक महत्त्वाच्या पंपाला एक राखीव पंप ठेवते आणि तो खर्च वाया गेला असे कोणी म्हणत नाही. माणसाच्या तयारीवरचा खर्चही त्याच खात्यात मांडायला हवा. जो कारखाना आपला पुढचा पॅनेल ऑपरेटर स्वतः घडवत नाही, तो कितीही आधुनिक दिसला तरी सुरक्षित नाही.